स्मशान की नाका?

अफगाणिस्तान म्हटलं की आपल्याला १७६१ चं पानिपत आठवतं, नाहीतर २००१ नंतरच्या बातम्या. वर 'साम्राज्यांचं स्मशान' हे घासून गुळगुळीत झालेलं लेबल आहेच. मला ते अजिबात पटत नाही. स्मशानात कोणी दुकान थाटतं का?

काबूलच्या उत्तरेला बेग्राममध्ये १९३७ आणि १९३९ साली फ्रेंच उत्खननात दोन बंद खोल्या सापडल्या. आत काय, तर भारतातलं हस्तिदंती कोरीवकाम, रोमन काचेची भांडी आणि चिनी लाखकाम... सगळं शेजारी शेजारी! त्याच्या दोन-अडीच हजार वर्षं आधी बदख्शानचा निळा लाजवर्द पार इराकातल्या उरपर्यंत पोचत होता. हडप्पावाल्यांनी तर बहुधा त्यासाठीच अमूदर्याजवळ शोर्तुगाईला वस्ती केली (ऑनसाइटच म्हणा ना!).

बेग्रामचा माल राजाचा खजिना की व्यापाऱ्याचं गोदाम, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत गोदामाला.