विजेच्या मागे धावताना

वैशाखात वळीव दाटून आला की आमच्या बालाघाटाच्या डोंगराकडील गावांत दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही शेतातून घराकडे धावतात, तर काही घरातून माळाकडे. माळाकडे धावणाऱ्यांच्या हातात मोबाईल असतो, आणि कडाडणारी वीज त्यात पकडून चारचौघांना दाखवायची असते. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो. तेव्हा हा उपदेश समजू नये. फार तर कबुलीजबाब समजावा.

त्या दिवशी चारच्या सुमारास पूर्वेला काळाकुट्ट ढग उठला. मित्राने मोटारसायकल काढली आणि आम्ही गावामागच्या माळावर गेलो. विजेचा फोटो बटण दाबून मिळत नाही, बोट हलेपर्यंत ती विझलेली असते. रात्री कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून भिंग बराच वेळ उघडे ठेवतात. आम्ही दिवसाउजेडी होतो, म्हणून चित्रफीत घेत राहायची आणि मागाहून त्यातले एक चित्र निवडायचे, असा आमचा बेत होता.

वीज चमकली की आम्ही आकडे मोजत होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. आधी पंधरा आकडे झाले, मग नऊ, मग सहा. आकडा उतरला की आम्हाला आनंद व्हायचा! वास्तविक तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर आडोशाला पळावे, असे जाणकार सांगतात, कारण पाऊस जिथे पडतो आहे तिथून दहा किलोमीटरवरही वीज कोसळू शकते. आम्ही गणित शिकलो होतो, पण ते उलटे वापरत होतो. एक धनगरबाबा मेंढरे हाकत खाली उतरत होते. ते ओरडले, "पोरांनो, मरायचंय का?" आम्ही हसलो.

आणि ती मिळाली. आभाळापासून शिवारापर्यंत उतरलेली, फांद्या फुटलेली, अखंड रेघ. आम्ही नाचलो. घरी येऊन चित्र पाहताना माझ्या ध्यानात आले की ती रेघ ज्या शिवारात उतरली, तिथेच आई त्या दिवशी रोजाने कांदे काढायला गेली होती.

आई आली, ओलीचिंब, पण धडधाकट. बाभळीखाली बांधलेली शेजाऱ्यांची बैलजोडी मात्र गेली. झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरते, आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब असल्याने ती त्यांच्यातून वाहते, हे मी नंतर वाचले. शेजारचे काका दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "तुझ्याकडं फोटू हाय म्हणं. दाव." बराच वेळ पाहत राहिले. "हीच का ती?" एवढेच बोलले. त्याआधी त्या चित्राला कितीकांनी "वा!" म्हटले होते.

आता कोणी म्हणेल, मग विजेची छायाचित्रे काढूच नयेत काय? तसे मला मुळीच म्हणायचे नाही. चार्ल्स बॉईज यांनी फिरत्या भिंगाचा कॅमेरा बनवला आणि १९३० च्या दशकात शॉनलंड यांनी दक्षिण आफ्रिकेत तो वापरून विजेची चित्रे घेतली. आपल्याला एकच झोत दिसतो. पण वीज आधी टप्प्याटप्प्याने खाली येते आणि मग लखलखाट जमिनीकडून वर चढतो, हे त्या चित्रांनी दाखवले. असे ज्ञान मिळणार असेल तर कॅमेरा धन्य होय. आमच्या चित्रातून कोणते ज्ञान मिळाले?

आपण पाहतो ती पाठलागाची चित्रे बहुधा अमेरिकेतल्या सपाट मुलखातली असतात. तिथली माणसे मोटारीत बसलेली असतात, आणि पत्र्याची बंद मोटार विजेपासून बरेच संरक्षण देते. आपण पाठलाग उचलला, मोटार नाही उचलली! मोटारसायकलवरचा माणूस माळावरच्या झाडासारखाच उघडा असतो. शिवाय टिम समारास यांच्यासारखा, विजेची चित्रे घेण्यात वर्षे घालवलेला अनुभवी संशोधकही ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळ चक्रीवादळात मुलासह आणि सहकाऱ्यासह मोटारीतच गेला. आपल्याकडे ११ जुलै २०२१ रोजी जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या बुरुजावर वीज पडून अकराजण दगावले. त्यांतले कित्येकजण पावसाची मौज पाहायला, स्वतःचे फोटो काढायला चढले होते.

पण मला खरी टोचणी वेगळीच आहे. विजेने मरणारे बहुतेक लोक हौसेने बाहेर गेलेले नसतात. ते रानात कामावर असतात. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मी जन्मलो पायाळू, आणि पायाळूवर वीज पडते म्हणून आईने लहानपणी मला ढग आला की उंबऱ्याआड कोंडले. ही समजूत खोटी आहे हे मी तिला ऐटीत सांगितले; पण झाडाखाली उभे राहू नये, ही खरी गोष्ट सांगायचे मला कधी सुचले नाही. शिकलेल्या मुलाने आईची समजूत खोडली आणि स्वतः माळावर गेला!

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आहे. आसपास वीज पडण्याचा संभव असला तर ते आगाऊ इशारा देते. आपल्या वर्गात किती जणांकडे ते आहे? आईकडे तर बटणांचा साधा फोन आहे, त्यात दामिनी येत नाही. म्हणून आता ढग दाटला की मी माझा मोबाईल पाहतो आणि तिला फोन लावतो. परवा तिला म्हटले, आई, निघ, वीज जवळ आहे. ती म्हणाली, "आरं, काम टाकून कुठं जाऊ? मुकादम रोज कापंल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. बाभळीखाली थांबू नको, तेवढे मी दोनदा सांगितले.