मतदानाला सज्ञान, लग्नाला अज्ञान!

अठरा वर्षे पूर्ण झाली की देशाचे सरकार कोणी चालवावे, हे ठरवण्याचा हक्क आपल्याला मिळतो. पण आयुष्याचा जोडीदार निवडायचे म्हटले की आपण पुन्हा लेकरू होतो. 'तुला काय कळतंय?' हा सवाल अंगावर येतो.

हा सवाल जुनाच आहे. १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनकडे प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हाही अडाण्यांना मतदानातले काय कळते, असे म्हणणारे होतेच. संविधानाने त्यांना गप्प केले. घराघरातल्या जातीला मात्र आपण अजून गप्प केलेले नाही.

जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवून दिले. म्हणून जातीला स्वतःचा निर्णय स्वतः घेणारी माणसे परवडत नाहीत. मुली तर मुळीच नाहीत. सोनईत २०१३ साली तीन तरुणांचे खून पडले ते यातूनच. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला घराण्याची किंवा पंचायतीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले. तरी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची नोटीस आधी तीस दिवस कचेरीत लागते. ती नेमकी कोणाच्या सोयीची?

पण बोट फक्त दुसऱ्यांकडे नको. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही बायोडाटावर पोटजात विचारली जाते. १४ एप्रिलला जातिअंतावर भाषण ठोकणारा आपलाच कार्यकर्ता तीन वर्षांचे प्रेम मोडतो आणि म्हणतो, 'आईला दुखवायचं नव्हतं.' हुंडा घेतो आणि म्हणतो, 'घरच्यांनी ठरवलं.' मिशी फुटली, पदवी मिळाली, नोकरी लागली. पण हा माणूस सज्ञान झाला कुठे?

सज्ञान होणे म्हणजे आई-बापाचा अपमान करणे नव्हे. आपला निर्णय आपण घेणे, त्याची किंमत आपण मोजणे आणि तोच हक्क बहिणीलाही देणे, म्हणजे सज्ञान होणे. स्वतःपुरते स्वातंत्र्य मागून बहिणीवर पहारा ठेवणारा भाऊ मनुस्मृतीचाच चौकीदार आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी आपली विहारे उघडी ठेवा, साक्षीदार म्हणून सही करायला स्वतः जा आणि बायोडाटावरचा तो पोटजातीचा रकाना आजच खोडा.

जय भीम!