कृपेला परकी कोण म्हणतो?

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलीचे नाव ‘कृपा’ असे लिहिण्याची वेळ आली, की आपल्या काही घरांत आजही कुरबूर सुरू होते. हे नाव आपले नव्हे, हिंदूंचे वाटते, अशी तक्रार असते. त्याच मुलीला ‘ग्रेस’ म्हटले तर कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. मग त्यांतील एक ख्रिस्ती आणि दुसरा परका, हा निवाडा कोणी केला? आमच्या मते हा निवाडा श्रद्धेने केलेला नाही, सवयीने केला आहे.

‘ग्रेस’ची वंशावळ पाहावी. शब्द लॅटिनमधून आला. पण मुलींचे नाव म्हणून इंग्लंडात तो रुळवला सोळाव्या-सतराव्या शतकांतील प्युरिटनांनी. त्यांना संतांची नावे आणि रोमची प्रत्येक खूण खुपत असे! तरीही त्यांचे हे नाव आपण आनंदाने स्वीकारले, आणि योग्यच केले. जी मुभा आपण इंग्रज प्युरिटनांना दिली, ती स्वतःच्या मातृभाषेला नाकारतो, हे मात्र अयोग्य.

जपमाळेचे पाच दशक म्हणताना मरियामातेला आपण ५३ वेळा कृपेने भरलेली म्हणून वंदन करतो. संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर जो शब्द इतका पवित्र, तो सकाळी पाळण्यावर येताच हिंदू कसा होतो?

यावर उत्तर येते, की नाव संताचे असावे. उत्तम! योहान हे नाव घेऊ. मूळ हिब्रू ‘योहानान’ म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. हन्ना म्हणजेही कृपाच. तिचीच अ‍ॅना झाली. योहानान इंग्रजांकडे जॉन झाला, पोर्तुगिजांकडे जुआंव, स्पॅनिशांकडे हुआन, रशियनांकडे इव्हान. ज्याने त्याने आपल्या जिभेला साजेल असे रूप दिले आणि ख्रिस्तसभेने ते मान्य केले. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय तर याच वादाची कथा सांगतो. एलिझाबेथने बाळाचे नाव योहान ठेवायचे म्हटले, तेव्हा शेजारीपाजारी आणि नातलग अडून बसले. कारण त्या नावाचे त्यांच्या कुळात कोणी नव्हते. आज ‘कृपा’ला होणारी हरकत शब्दशः तीच आहे. मुक्या झालेल्या जखरियाने पाटीवर योहान हेच नाव लिहिले आणि त्याची वाचा मोकळी झाली. आपल्याला ही कथा पाठ आहे, तिचा बोध तेवढा निसटला.

तमिळनाडूतील आपल्या बांधवांना तो बोध केव्हाच झाला. लिस्बनहून आलेले येशूसंघीय जुआंव दि ब्रिटो १६९३ साली ओरियूर येथे हुतात्मा झाले आणि १९४७ साली संतपदाला पोहोचले. तमिळ भाविक त्यांना ‘अरुळानंदर’ म्हणून ओळखतात. अरुळ म्हणजे कृपा. आपल्याकडे पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हणताना संकोच केला नाही. आपण मात्र प्रसाद आणि अनुग्रह म्हणताना अडखळतो.

मूर्तिपूजकांच्या नावांचीच धास्ती असेल, तर मार्टिन हे नाव युद्धदेव मार्सवरून आले आहे आणि इसिदोर म्हणजे इसिस देवीची देणगी. ही नावे संतांनी आपल्या आयुष्याने पवित्र केली. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाच्या मुळाशी जर्मानिक भाषांतील युद्धवाचक शब्द आहे. १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर प्राण देऊन त्यांनी त्या नावाला नवा अर्थ दिला. १९१७ च्या धर्मविधीसंहितेने ख्रिस्ती नावाचा आग्रह धरला होता. १९८३ ची संहिता, कलम ८५५, एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. कृपा ख्रिस्ती भावनेशी विसंगत ठरवायची असेल, तर सुसंगत काय उरेल?

एक भीती खरी आहे आणि तिची आम्ही थट्टा करणार नाही. अल्पसंख्य समाजाला वाटते, नावे गेली की ओळख जाईल. पण ज्या नावाचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नाही, ते कोणती ओळख राखणार? पुस्तिकेतून कानाला गोड वाटणारी दोन अक्षरे उचलून मुलाला चिकटवणारे आधुनिक पालक आणि अर्थ न विचारता आजोबांचे नाव पुढे ढकलणारे वडीलधारे, दोघांचीही चूक एकच आहे.

नाव म्हणजे नुसती हाक नव्हे. याच महाराष्ट्रात नको असलेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हटले गेले. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २०० हून अधिक मुलींना नवी नावे द्यावी लागली. कृपा म्हणजे न मागता, न कमावता मिळालेले देवाचे दान. मुलीला ‘कृपा’ म्हणणारे आईबाप ‘नकुशी’ला चोख उत्तर देतात. तिला ‘अ‍ॅना’ म्हणणारेही तेच उत्तर देतात, मात्र अर्थ जाणून म्हटले तर.

म्हणून धर्मग्रामातील पालकांना आमचे सांगणे आहे: योहान ठेवा, अ‍ॅना ठेवा, ग्रेस ठेवा, कृपा ठेवा; पण नावाचा अर्थ मुलाला त्याच्या मायबोलीत सांगा. आणि कोणी ‘कृपा’ निवडली, तर तिच्या वाटेत नातलग होऊन उभे राहू नका.