जुना ईसीजी जपून ठेवा

भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा पुढे काही वर्षे नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये मुख्य चाचणी वैमानिक होते. १९८४ मधला त्यांचा अंतराळातला मुक्काम जेमतेम आठ दिवसांचा. आता अंतराळवीर सहा-सहा महिने वर राहतात. इतक्या काळात हृदयाच्या स्नायूवर आणि हृदय चालवणाऱ्या विद्युत संदेशांवरही परिणाम होतो.

अंतराळात पायांकडचे रक्त छाती आणि डोक्याकडे सरकते. शरीराला वाटते पाणी जास्त झाले, म्हणून ते रक्ताचे प्रमाणच कमी करते. हृदयाला कष्ट उरत नाहीत आणि त्याचा स्नायू रोडावतो. प्रत्येक ठोक्यासाठी हृदयाच्या पेशी उत्तेजित होऊन पूर्ववत होतात. या साऱ्याला लागणारा वेळ ईसीजीवर 'क्यूटी' अंतर म्हणून मोजतात. छोट्या मोहिमेनंतर ज्यांचे हे अंतर बदलले नव्हते, त्याच अंतराळवीरांमध्ये काही महिन्यांच्या मुक्कामानंतर ते वाढलेले आढळले. ते फार वाढले तर ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते.

१९७१ मध्ये अपोलो-१५ च्या दोन अंतराळवीरांचे ठोके अनियमित झाले. पोटॅशियम कमी पडल्याचा संशय आला, म्हणून अपोलो-१६ च्या चमूला पोटॅशियम मिसळलेला संत्र्याचा रस देण्यात आला.

पोटॅशियम कमी व्हायला अंतराळात जावे लागत नाही. जुलाब-उलट्या किंवा लघवी वाढवणारी गोळी एवढेही पुरते. काही अँटिबायोटिक्स आणि मानसिक आजारांवरची काही औषधे क्यूटी वाढवतात. अशा वेळी ईसीजीतला बदल नवा की जुनाच, हे आधीचा कागद असल्याशिवाय सांगता येत नाही. अंतराळवीराचा उड्डाणापूर्वीचा ईसीजी डॉक्टरांकडे असतो. आपल्याकडे मात्र तो कागद घरी गहाळ होतो किंवा वर्षभरात पुसट होतो, कारण तो बहुधा थर्मल कागदावर छापलेला असतो.

म्हणून ईसीजी काढला की लगेच त्याची झेरॉक्स काढावी, मोबाइलमध्ये फोटो ठेवावा. रुग्णालयांनीही केसपेपर हाती देताना हे आवर्जून सांगावे. औषधे मनाने बंद करू नयेत. पण धडधड, चक्कर किंवा अचानक शुद्ध हरपणे झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि जुना ईसीजी व चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी. त्यासाठी खर्च लागतो तो एका झेरॉक्सचा.