यंदाचे लग्न थर्माकोलशिवाय!
गिरगाव, दादर, परळ, लालबागकरांना जाहीर आवाहन

तुळशीची लग्ने लागली की गिरगावच्या वाड्यांपासून लालबागच्या चाळींपर्यंत घरोघरी याद्या सुरू होतात. हॉल, केटरर, पत्रिका, रुखवत, मानपान. त्या याद्यांत यंदा कचऱ्याचाही विचार व्हावा, अशी वधू-वर पक्षांना कळकळीची विनंती आहे.

मंगल कार्यालयाच्या मागच्या दारी फुले, उष्टे अन्न, बाटल्या आणि चमकी एकाच पिशवीत कोंबली जातात, आणि एकदा मिसळलेला कचरा कोणाच्याच कामाचा राहत नाही. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला साचत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे पेटलेल्या आगीचा धूर शहराने कित्येक दिवस सोसला.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर २०१८ मध्ये बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून तर सजावटीचा थर्माकोल, प्लास्टिकचे चमचे आणि पत्रिकेवर किंवा मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची प्लास्टिक फिल्मही देशभर बंद आहे. खाडिलकर रोडवर पत्रिका पसंत करताना ती साध्या कागदावर आणि मोजकीच छापून घ्यावी. देवापुढे ठेवायला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना छापील पत्रिका पुरे, बाकीच्यांना फोनवर अगत्याचे बोलावणे करावे.

सजावटीसाठी लांब जायलाच नको. दादरच्या फुलबाजारात पहाटे झेंडू, शेवंती, निशिगंध, आंब्याचे डहाळे, केळीचे खुंट सारे मिळते. ते सुतळीने बांधावे. हिरव्या फोममध्ये फुले खोचू नयेत, कारण तो फोम म्हणजे प्लास्टिकच असून त्याचा चुरा मातीत मिसळत नाही. व्यासपीठामागे कपाटातल्या जुन्या नऊवारी आणि जरीकाठी साड्यांचे पडदे शोभतात. उरलेल्या साड्यांच्या पिशव्या शिवून पाहुण्यांना द्याव्यात. रुखवतासाठी करवंट्या, कापडाचे तुकडे, मागच्या लग्नांच्या पत्रिका वापराव्यात.

थर्माकोलवाचून शोभा येत नाही, हा समज गणेशोत्सवाने केव्हाच खोटा ठरवला आहे. कलादिग्दर्शक नानासाहेब शेंडकर यांनी थर्माकोल सोडून घडीच्या पुठ्ठ्याची मखरे बनवली आणि ती घरोघरी पोहोचली. जे गणपतीला चालले, ते नवरा-नवरीला का चालू नये?

या भागातल्या सार्वजनिक मंडळांना म्हणूनच वेगळी विनंती आहे. उत्सव संपल्यावर गोदामात पडून राहणाऱ्या कमानी, कापडी पडदे, समया आणि बांबू विभागातल्या लग्नांना नाममात्र भाड्याने द्यावेत. लग्नघराचा खर्च वाचेल, मंडळालाही चार पैसे मिळतील.

जेवणात स्टीलची ताटे किंवा पळसाच्या पत्रावळी, आणि पाण्याला पिंप व पेले असावेत. अन्न उरलेच तर ते ताजे असतानाच पोहोचले पाहिजे. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली ती समारंभांतले उरलेले अन्न भुकेल्यांपर्यंत नेण्यासाठीच. परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांबाहेर बाहेरगावच्या रुग्णांचे नातेवाईक पदपथावर दिवस काढतात. अन्न नेणाऱ्या संस्थेशी लग्नाच्या आधीच बोलून वेळ ठरवावी. ऐनवेळी फोन केला तर अन्न वाया जाते.

फुलांचे निर्माल्य वेगळे ठेवावे. सिद्धिविनायक मंदिरातल्या फुलांपासून कापड रंगवण्याचे काम मुंबईत झाले आहे. तेवढी सोय नसेल तर चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात त्याचे खत होते.

मांडव चाळीच्या पटांगणात किंवा रस्त्यालगत असेल तर आणखी एक जबाबदारी येते. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसे जमणार असतील, तर तीन कामकाजाचे दिवस आधी महापालिकेला कळवून कचरा वेगळा करून देण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा नियमांनी आयोजकांवर घातले.

हॉल, केटरर आणि डेकोरेटर यांना आगाऊ पैसे देण्यापूर्वी थर्माकोल नको, प्लास्टिक नको, ओला-सुका कचरा वेगळा, या तीन अटी लेखी घ्याव्यात. मंगल कार्यालयांच्या व्यवस्थापनांनीही त्या आपल्या नियमावलीत छापाव्यात आणि याच हंगामापासून पाळाव्यात.