डमी आवाज पुसू नका

घरी गाणी करणाऱ्यांकडे आता इंटरफेस असतो, कंडेन्सर माइक असतो आणि तबल्यापासून व्हायोलिनपर्यंतचा सगळा वाद्यमेळ लॅपटॉपमध्ये असतो. चाल बांधून होते, अरेंजमेंट होते आणि गाणं अडतं ते आवाजापाशी. ‘गायक मिळाला की डबिंग करू’ म्हणत फाइल पडून राहते. त्यातला डमी आवाज संगीतकाराचाच असतो; तो कुणाला ऐकवायची मात्र लाज वाटते.

या लाजेचं मूळ गळ्यापेक्षा कानात आहे. गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडांतून खर्ज जास्त पोचतो. माइक टिपतो तो फक्त हवेतला आवाज. म्हणून रेकॉर्डिंग पातळ, परकं वाटतं. ऐकणाऱ्याला तोच आवाज रोजच्या ओळखीचा असतो!

जॉन लेननलाही स्वतःचा आवाज आवडत नसे. त्यावर दुसऱ्यांदा गाऊन थर चढवायचा बीटल्सना कंटाळा येई, म्हणून १९६६ साली ईएमआयच्या केन टाउनसेंड यांनी टेपवर आपोआप दुहेरी आवाज करणारी युक्ती काढली. जिमी हेंड्रिक्स तर स्टुडिओत आडोशामागे उभा राहून गाई.

दुसरं कारण पट्टीचं, आणि घरच्या स्टुडिओत तेच सर्वाधिक छळतं. कीबोर्डवर सोपं म्हणून गाणं पांढरी एकमध्ये सुरू होतं, अंतरा तार पंचमापर्यंत चढतो, तिथे आवाज फाटतो आणि ‘आपल्याला गाता येत नाही’ असा निकाल लागतो. आपल्याकडे गायक आधी पट्टी ठरवतो, मग साथीदार वाद्यं लावतात. घरी हाच क्रम उलटा झालेला असतो. चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर आधी म्हणून पाहावा. मिडी ट्रॅक दोन-तीन स्वर खाली आणायला क्षणही लागत नाही. गिटार मात्र नव्याने वाजवलेली बरी.

रेकॉर्ड करताना हेडफोनचा एक कान मोकळा ठेवावा, डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करावं, पाठीमागे जाड गोधडी टांगावी. ओळीओळीने टेक घ्यावेत. सूर सरसकट मशीनने सरळ करू नयेत. मींड आणि आंदोलन तिथेच मरतात. एखादा स्वर सुधारणं वेगळं.

सुधीर फडक्यांनी स्वतःच्या चाली स्वतः गायल्या, अजय गोगावले आजही गातात. ‘शोले’मधलं (१९७५) ‘मेहबूबा मेहबूबा’ राहुलदेव बर्मन यांच्याच आवाजात आहे, आणि तो आवाज रूढ अर्थाने गोड नाही. शब्द कुठे सोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे चाल बांधणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

वाचकांनी या महिन्यात अडकलेलं एक गाणं काढावं, आपल्या पट्टीत आणावं आणि गावं. निकाल त्याच रात्री लावू नये. आठवड्याने ऐकावं, मग एका मित्राला ऐकवावं.