शून्यापासून क्रमांकापर्यंत

२४ जून २०१६ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास चेन्नईतील नुंगमबाक्कम रेल्वे स्थानकाच्या फलाटावर माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करणाऱ्या एका तरुणीचा कोयत्याने वार करून खून झाला. ती रोजच्या लोकलची वाट पाहत होती. मृतदेह सुमारे दोन तास फलाटावर तसाच पडून होता. स्थानकात सीसीटीव्ही कॅमेरे नव्हते. फलाट रेल्वेचा असल्यामुळे गुन्हा रेल्वे पोलिसांकडे गेला. स्थानकाबाहेरचा रस्ता आणि मारेकरी ज्या गल्ल्यांतून निसटला त्या गल्ल्या मात्र शहर पोलिसांच्या. मद्रास उच्च न्यायालयाने सोमवारी, २७ जूनला, या दिरंगाईबद्दल तीव्र शब्दांत संताप व्यक्त केला आणि त्याच दिवशी तपास चेन्नई शहर पोलिसांकडे वर्ग झाला. १ जुलैला तिरुनेलवेली जिल्ह्यातून संशयिताला अटक झाली.

या प्रकरणात गुन्हा नोंदवण्यास कोणी नकार दिला नव्हता. तरीही हद्दीच्या प्रश्नाची चर्चा करताना मला हेच उदाहरण प्रथम आठवते. रेल्वे पोलीस आणि शहर पोलीस ही काही दोन देशांची दले नव्हेत. दोन्ही तमिळनाडू सरकारची, दोन्ही एकाच पोलीस महासंचालकांच्या अधिपत्याखालची. एका राज्याच्या, एका शहराच्या पोटात तीन दिवस जात असतील, तर दोन राज्यांमध्ये किती जातील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

फिर्यादीला ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे सांगून परत पाठवण्याला कायद्याचा आधार कधीच नव्हता. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती लिहून घेणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य होते. कलम १५६ च्या दुसऱ्या पोटकलमाने तर त्याला अभयच दिले होते: तपास करण्याचा अधिकार त्याला नव्हता, एवढ्या कारणावरून त्याच्या कारवाईला आव्हान देता येणार नाही. सतविंदर कौर प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. हद्दीचा विचार तपासानंतरचा. सुरुवातीलाच दार बंद करण्यासाठी तो नाही. गुन्ह्याचा खटला कोणत्या न्यायालयात चालावा, हा एक प्रश्न आणि खबर कोणी लिहून घ्यावी, हा दुसरा. ठाण्याच्या टेबलावर वर्षानुवर्षे या दोहोंची सोयीस्कर सरमिसळ केली गेली.

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा समितीने हद्द न पाहता गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली आणि मे २०१३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना तशी सूचना पाठवली. ‘झिरो एफआयआर’ हा शब्द रुळला तो तेव्हापासून. ठाण्याच्या नोंदवहीतील अनुक्रमांक न देता, शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करायचा आणि योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा. तेथे त्याला खरा क्रमांक मिळतो. याच वर्षी, ऑगस्टमध्ये, दिल्लीच्या कमला मार्केट पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने दाखल झालेला गुन्हा जोधपूरला वर्ग झाला आणि एप्रिल २०१८ मध्ये आसाराम बापूला जन्मठेप झाली. त्या अल्पवयीन मुलीला जोधपूरला जाऊनच फिर्याद द्यावी लागली असती, तर ती दिली गेली असती काय?

१२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची खबर असल्यास नोंद बंधनकारक असल्याचे ठरवले. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश पी. सदाशिवम, मूळचे तमिळनाडूचे आणि मद्रास उच्च न्यायालयातून वर गेलेले. त्यांच्याच राज्यात या निकालाची काय गत झाली, ते पाहण्याजोगे आहे. तमिळनाडूत तक्रारदाराला ठाण्यातून अनेकदा जो कागद मिळतो तो एफआयआर नसतो, ‘सीएसआर’ असतो. म्हणजे ‘कम्युनिटी सर्व्हिस रजिस्टर’मधील नोंदीची पावती. नाव मोठे सेवाभावी आहे. क्रमांक असतो, शिक्का असतो, पोलिसांच्या संकेतस्थळावर त्याची स्थितीही पाहता येते. तक्रारदाराला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात ती नोंद म्हणजे गुन्हा नोंदवणे नव्हे. तिची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे जात नाही आणि तिच्यावरून तपासाचे घड्याळ सुरू होत नाही. दोन्ही पक्षांना बोलावून ‘समजूत’ घालण्यासाठी मात्र ती फार उपयोगी पडते. महाराष्ट्रातील वाचकांना यात नवल वाटू नये. तेथे ‘एनसी’ लिहून किंवा ‘अर्ज चौकशीवर ठेवून’ हेच साधले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या चिमुरड्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले, तेव्हा हद्दीचा प्रश्न नव्हताच. हद्द ही टाळाटाळीची एक सबब आहे. ती काढून घेतली तर दुसरी सापडते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७३ मध्ये ‘गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असो’ या अर्थाचे शब्द आले. जे आजवर निकालांत आणि परिपत्रकांत होते ते संसदेच्या कायद्यात आले, हे मी निःसंकोच स्वागतार्ह मानतो. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते; तीन दिवसांत सही करावी लागते. पण याच कलमात दोन गोष्टी खटकतात.

पहिली, शून्य क्रमांकाचा गुन्हा किती तासांत वर्ग करायचा, याबद्दल कलम मौन बाळगते. या मौनाची किंमत मणिपूरने मोजली आहे. ४ मे २०२३ च्या अत्याचाराची शून्य क्रमांकाची नोंद कांगपोकपी जिल्ह्यातील सैकुल ठाण्यात झाली १८ मे रोजी. ती थौबल जिल्ह्यातील संबंधित ठाण्यात पोहोचायला २१ जून उजाडला. पहिली अटक झाली २० जुलैला, तीही चित्रफीत देशभर पसरल्यानंतर. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सरकारला विचारले होते की, नोंदीसाठी १४ दिवस का लागले. मला त्यापुढचे ३४ दिवस अधिक अस्वस्थ करतात. कागद तयार होता, त्यावर गुन्ह्याचे वर्णन होते आणि तो कोणाचाच नव्हता. वैद्यकीय पुरावा, मोबाइलचे तपशील, साक्षीदारांची ताजी स्मृती, यांतले काहीही कागद पोहोचेपर्यंत थांबून राहत नाही. तेव्हा शून्य क्रमांकाने नोंद करणाऱ्या ठाण्याने केवळ टपाल कचेरीचे काम करून चालणार नाही. तातडीचा पुरावा गोळा करणे हेही त्याचेच काम आहे, हे लेखी सांगावे लागेल.

दुसरी गोष्ट तिसऱ्या पोटकलमाची. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. याला एक चांगली बाजू आहे. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, भाषण-लेखनावरून गुन्हा नोंदवण्याआधी अशी चौकशी करणे योग्य ठरेल, असे म्हटले आणि ते मला पटते. पण याच पट्ट्यात साधी चोरी येते, सासरचा छळ येतो आणि स्त्रीच्या विनयभंगाचा गुन्हाही येतो. विनयभंगाची खबर न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. तोच अधिकारी ‘प्राथमिक चौकशी सुरू आहे’ म्हणाला, तर १४ दिवस त्याच्याकडे कायदेशीर उत्तर आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे याहून वेगळे काय असते? शिवाय कलम १९९ ची शिक्षा स्त्रियांवरील अत्याचार, आम्लहल्ला, मानवी तस्करी अशा मोजक्या गुन्ह्यांपुरती आहे. फसवणुकीची फिर्याद नाकारणाऱ्याला फार तर खातेनिहाय चौकशीला तोंड द्यावे लागते.

पोलिसांचीही एक बाजू आहे. नोंदलेला प्रत्येक गुन्हा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात राज्याच्या नावावर चढतो आणि विधानसभेत सरकारच्या अंगावर येतो. नोंद वाढणे म्हणजे गुन्हेगारी वाढणे नव्हे, असे तो विभाग स्वतःच बजावतो. पण ते वाचतो कोण? दुसऱ्या ठाण्याचा गुन्हा लिहून घेण्यात ठाणे अंमलदाराला श्रेय शून्य आणि कटकट पुरेपूर. हे बदलायचे तर शून्य क्रमांकाच्या नोंदी ठाण्याच्या कामगिरीत जमेच्या बाजूला धरल्या पाहिजेत.

कागद जितक्या हातांतून जातो तितका तो फुटण्याचा धोकाही वाढतो. डिसेंबर २०२४ मध्ये अण्णा विद्यापीठाच्या आवारात एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवला गेला. परंतु एफआयआर संकेतस्थळावरून फुटला आणि तिची ओळख उघड झाली. उच्च न्यायालयाने एफआयआरच्या भाषेवरही ताशेरे ओढले, महिला अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमले आणि २५ लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. जून २०२५ मध्ये आरोपीला किमान ३० वर्षांच्या तुरुंगवासासह जन्मठेप झाली. शून्य क्रमांकाचा गुन्हा दोन ठाण्यांच्या, कधी दोन राज्यांच्या संगणकांतून जातो. मुक्कामाच्या प्रत्येक जागी गोपनीयतेची जबाबदारी कोणाची, हे आज निश्चित नाही.

हद्दीचा प्रश्न सर्वाधिक भेडसावतो तो गाव सोडून कामाला गेलेल्यांना. चेन्नईच्या सावकारपेठेत सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडचा गलाई कारागीर असतो, ओरगडमच्या कारखान्यांत बिहार-ओडिशाचे मजूर असतात. एखाद्याची फसवणूक तेथे झाली आणि तो गावी परतला, तर विट्याच्या ठाण्याने फिर्याद घेतलीच पाहिजे. सासरी छळ सोसून माहेरी आलेली स्त्री तेथे फिर्याद देऊ शकते, हे तर २०१९ च्या रूपाली देवी निकालाने सांगितलेच आहे. भाषेचा अडसर मात्र कोणत्याही कलमात मिटलेला नाही: मराठीत लिहिलेली शून्य क्रमांकाची फिर्याद चेन्नईच्या निरीक्षकाने वाचायची कशी? अनुवादाची व्यवस्था नसेल, तर तो कागद पुन्हा पडून राहणार.

सायबर गुन्ह्यांत तर ‘जागा’ हा शब्दच सैल झाला आहे. फोन एका राज्यातून, बँक खाते दुसऱ्या, पैसे काढले तिसऱ्या. मे २०२५ मध्ये केंद्राने दिल्लीत ‘ई-झिरो एफआयआर’चा प्रयोग सुरू केला, १९३० या क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर केलेली १० लाख रुपयांहून अधिक फसवणुकीची तक्रार तेव्हा आपोआप गुन्ह्यात रूपांतरित होऊ लागली. १० लाखांची ती रेघ मला समजली नाही. निवृत्तिवेतनातले ६० हजार गमावलेल्या माणसाला ठाण्याचे दार अधिक लवकर उघडायला हवे, कारण त्याच्याकडे वकील नसतो.

नव्या संहितांचा विरोध करणाऱ्या तमिळनाडू सरकारने जुलै २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एम. सत्यनारायणन यांची समिती राज्यापुरत्या दुरुस्त्या सुचवण्यासाठी नेमली. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे तसा अधिकार राज्याला आहे. राष्ट्रपतींची संमती मात्र लागेल. पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. पोलीस हा राज्याचाच विषय. शून्य क्रमांकाचा गुन्हा २४ तासांत वर्ग करावा, मधल्या काळात तातडीचा पुरावा नोंद करणाऱ्या ठाण्याने जपावा आणि ‘सीएसआर’ पावतीवर ‘हा एफआयआर नाही’ असे तमिळमध्ये ठळक छापावे, एवढे आदेश पोलीस महासंचालक उद्या सकाळीही काढू शकतात.